गोदामातले संथ अल्बम : जून ते चवथ, २०२५

१ जून, रविवार. साखळी, गोवा

आजपासून ट्रॉलर बंद, आणि मामाचा साउंड सिस्टीम भाड्याने द्यायचा धंदाही बंद. यंदा पाऊस मे महिन्यातच लागला. जत्रा, नाटकं, लग्नं सगळं उरकलं, सामान गोदामात परत आलं. अठरा इंची जोड स्पीकरांची दोन बेसची खोकी, वरच्या स्वरांचे चार स्पीकर, तीन अँप्लिफायर, मिक्सर. सगळ्यावर ताडपत्री, आत ओल धरू नये म्हणून अँपच्या रॅकमध्ये चाळीसचा बल्ब पेटता. मामाने एक किल्ली मला दिली आणि म्हणाला, "बाबू, आठवड्यातून एकदा वाजव. पडून राहिलं की स्पीकरच्या कोनला बुरशी येते."

म्हणजे चवथीपर्यंत, गणपती येईपर्यंत, दर रविवारी मला सिस्टीम मिळाली. काम असं ठरवलंय : डूम, स्टोनर आणि सायकेडेलिक या मेटलच्या संथ, जड प्रकारांतले नवे अल्बम या सिस्टीमवर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे आणि त्यातले आठ निवडायचे. चवथीला पुण्या-मुंबईची पोरं घरी येतात. दरवर्षी आल्याआल्या विचारतात, नवीन काय ऐकू? दरवर्षी मी गडबडीत पाच नावं सांगतो आणि ती मोबाइलवर अर्धा मिनिट लावून सोडून देतात. यंदा यादी कागदावर देणार, आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहिणार.

नियम दोन. नवा म्हणजे २०२० नंतरचा. जुना घेतलाच तर नव्याचं दार उघडण्यापुरता. आणि अर्धवट ऐकलेल्या अल्बमबद्दल एक ओळही लिहायची नाही.

८ जून, रविवार

आज फक्त आवाज बसवला. बेसचं एकच खोकं जोडलं, शटर खाली, संध्याकाळी सातला बंद. शेजारी म्हातारी माणसं आहेत आणि मला इथे तीन महिने काढायचेत.

तुलनेसाठी एकच गाणं आधी मोबाइलवर आणि मग सिस्टीमवर लावलं. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सगळ्यात जाडी तार सुमारे ८२ हर्ट्झला वाजते. या संगीतात तारा सैल करून ती ६५ पर्यंत, काही बँड तर ५५ पर्यंत उतरवतात, आणि बेस गिटार त्याच्याही खाली असते. मोबाइलच्या स्पीकरमध्ये दोनशेच्या खाली फारसं काही उरत नाही. ऐकणाऱ्याला मिळते ती वरची खरखर, गाण्याचा पाया नाहीच. पोरं अर्ध्या मिनिटात सोडून देतात यात त्यांचा दोष नव्हता. मीच त्यांना भिंती नसलेलं घर दाखवत होतो.

यादीच्या माथ्यावर म्हणून पहिली ओळ आधीच लिहून टाकली : हेडफोन, नाहीतर चारचाकीतला स्पीकर. मोबाइलवर नको.

पहिला अल्बम लिव्हरपूलच्या कोनन या बँडचा 'व्हायलन्स डायमेन्शन', याच एप्रिलमध्ये आलेला. खोक्यावर ठेवलेली स्क्रू-ड्रायव्हरची डबी चालत चालत कडेला आली. छातीत बसतं. पण तिसऱ्या गाण्यानंतर मला पुढचं कळायला लागलं. जड आहे, फार जड आहे, आणि तेवढ्यावर समाधानी आहे. यादीत घेत नाही. ज्याला फक्त जडपणाच हवा आहे त्याला तोंडी सांगेन.

मग शिकागोच्या रेझिनचा 'बर्डन' (२०२४). त्यांचा 'सोलेस' एक वर्ष आधी आला. दोन्ही एकाच वेळी रेकॉर्ड झालेले जोड अल्बम आहेत. 'सोलेस'मध्ये हवा आहे, 'बर्डन'मध्ये माती. धुरकट गिटारच्या मागून सॅक्सोफोन येतो तेव्हा तो वाद्य म्हणून कळतच नाही, दुरून कोणीतरी हाक मारल्यासारखा येतो. हा घेतला. 'सोलेस'सुद्धा सोबत, दोन्ही मिळून एक नंबर धरणार.

१५ जून, रविवार

आज आत्या आली. ती तीसेक वर्षं भजनाला गाते, तरुणपणी ख्यालही शिकली होती. मी गेल्या वर्षापासून सगळ्यांना सांगत सुटलोय की डूम म्हणजे त्यांच्याकडचं विलंबित. म्हटलं, तपासून घेऊ.

सुरुवात मुळापासून केली. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं, फेब्रुवारी १९७०. घंटा, पाऊस, आणि मग तीन स्वर : सा, वरचा सा, आणि मधला तीव्र मध्यम. युरोपात या अंतराला सैतानाचं अंतर म्हणत आले आहेत, आणि डूमचं सगळं घराणं याच तीन स्वरांवरून चालू झालं. आत्या दचकलीच नाही. म्हणाली, "तीव्र मध्यम रे. रोज संध्याकाळी यमनात येतो, त्याला काय घाबरायचं?" मग पुन्हा लावायला लावलं आणि दुसऱ्यांदा ऐकून थोडी थांबली. "पण यमनात तो एकटा सोडत नाहीत. गंधार असतो, पंचम असतो, हात धरायला. इथे षड्जावरून थेट उचलून तिथे ठेवलाय आणि वर तो थरथरवत ठेवलाय. पोरकं वाटतं ते त्याने."

हे मला इतक्या वर्षांत कुठेही वाचायला मिळालं नव्हतं.

मग पॅलबेअररचा 'माइंड बर्न्स अलाइव्ह' (२०२४). अमेरिकेतल्या आर्कान्सॉचा बँड. आधीच्या अल्बमांत भिंतीसारखी गिटार होती, इथे त्यांनी मुद्दाम अर्धा अल्बम हलका ठेवलाय. नुसता आवाज आणि एक-दोन तारा, आणि मग जड भाग येतो तेव्हा तो कमावलेला असतो. एका लांब गाण्यात सॅक्सोफोन आहे. आत्या शेवटपर्यंत बसली. मी विचारलं, विलंबित ना? तिने सरळ नाही म्हटलं.

"विलंबितात विस्तार असतो. अमीर खाँसाहेबांचा झुमरा ऐक. चौदा मात्रांचं आवर्तन, दर आवर्तनात राग थोडा पुढे सरकतो, एकदा गेलेली जागा तशीच परत येत नाही. तुझे हे लोक एकच ओळ आठ-आठ वेळा तशीच म्हणतात. लय संथ आहे म्हणून विलंबित होत नाही. हा नामजप आहे. जपात शब्द बदलत नाही, म्हणणारा बदलतो."

रात्री जेवताना हेच डोक्यात. माझं आवडतं वाक्य गेलं, पण तिचं बरोबर आहे. रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी ओळ, सोळाव्यांदा येतो तेव्हा तो तोच असतो, मी वेगळा झालेला असतो. निवडायची कसोटी आता ही : सोळाव्यांदा येईपर्यंत माझ्यात काही हललं का? कोनन का सुटला आणि पॅलबेअरर का राहिला, याचं उत्तर या एका प्रश्नात मिळतं.

२२ जून, रविवार

मेसा, 'द स्पिन'. इटलीच्या व्हेनेतो भागातले, अल्बम याच वर्षी ११ एप्रिलला आला. यंदाचा मला सगळ्यात आवडलेला हाच, आणि मतात बदल होईल असं वाटत नाही.

त्यांचा आधीचा 'क्लोज' (२०२२) लांब, पसरलेला, ऊद आणि दुदुकसारखी वाद्यं घेतलेला. 'द स्पिन' त्याच्यापेक्षा बराच आखूड आहे. गिटारचा टोन ऐंशीच्या दशकातल्या काळोख्या पॉपच्या जवळ गेलाय. जुने चाहते यावर नाक मुरडतील, पण मला त्यात धाडस दिसतं. जडपणा कमी केल्यावर गाणं उभं राहतं का, हे त्यांनी स्वतःलाच विचारलंय. सारा बिआंकीनचा आवाज त्याचं उत्तर देतो. ती ओरडत नाही, रडतही नाही. एक स्वर धरून त्याला सावकाश वजन देत जाते. आत्याला यातली दोन गाणी ऐकवली तेव्हा ती म्हणाली, "हिला श्वास कुठे घ्यायचा ते कळतं." आत्याकडून यापेक्षा मोठी दाद मी कुणासाठी ऐकलेली नाही.

बाई गाते म्हणून बायकांना आवडेल असं कोणी म्हणालं तर त्याला हा अल्बम देऊ नये.

२४ जून, मंगळवार

आज सांजाव, सेंट जॉनचा सण. मित्र विहिरींत उड्या मारायला शिवोलीला गेले. ऐकणं नाही.

२९ जून, रविवार

सायकेडेलिक दिवस. गोव्यात हा शब्द उच्चारला की लोकांच्या डोळ्यांसमोर हणजुणेचा (अंजुनाचा) किनारा आणि ट्रान्स पार्ट्या येतात. 'स्टोनर', म्हणजे गांजेकस, म्हटलं की विषयच संपतो. मामाने पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा किल्ली परत मागायच्या बेतात होता. यादीत म्हणून स्पष्ट लिहिणार आहे : हे संगीत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या पोरांचं. नव्वदच्या आसपास पाम डेझर्टच्या बाहेर जनरेटर नेऊन ती उघड्यावर वाजवत. क्यूसमधला जॉश होमी गिटार बेसच्या अँपमधून वाजवायचा, त्यातून तो जाड, उबदार आवाज आला. ऐकायला चहा पुरतो. मी आणि आत्या दोघेही चहावरच ऐकतो.

तीन अल्बम झाले. एल्डरचा 'इनेट पॅसेज' (२०२२) इतका बारीक विणलेला आहे की सोळा वेळा तर सोडाच, चार वेळाही एक रिफ टिकत नाही. आत्याच्या व्याख्येत विलंबिताच्या सगळ्यात जवळ हाच येतो. घेतला. फ्रान्समधल्या तुलूझच्या स्लिफ्टचा 'इलिऑन' (२०२४) ताकदीचा आहे, पण एका बैठकीला ऐंशी मिनिटांच्या जवळ जातो आणि श्वास घ्यायला जागा देत नाही. नवख्याला देणार नाही.

किंग बफेलोचा 'अकेरॉन' (२०२१) मात्र लगेच घेतला. त्यांनी टाळेबंदीच्या काळात तीन अल्बम केले, त्यातला हा मधला. न्यूयॉर्क राज्यातल्या हाऊ कॅव्हर्न्स या गुहेत, जमिनीखाली वाजवून रेकॉर्ड केलेला. चारच गाणी, प्रत्येक साधारण दहा मिनिटांचं. बाहेर वाळवंटी नदी दुथडी भरून चाललेली, पत्र्यावर पाऊस, आणि आत दगडांना लागून परत येणारा तो आवाज. पत्र्याचा आवाज गाण्यात मिसळला. एरवी मला याचा राग आला असता. आज दरवाजा उघडाच ठेवला.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

झोपलो नाही. काल बर्मिंगहॅममध्ये व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथचा शेवटचा कार्यक्रम झाला. आमच्याकडे त्यांचं वाजवणं दिसेपर्यंत पहाट. चौघे मूळचे, ड्रमवाल्या बिल वॉर्डसकट, वीस वर्षांनी एकत्र. गायक ऑझी ऑझबर्न सिंहासनासारख्या खुर्चीवर बसून गायला. उभं राहता येत नव्हतं, पण खुर्चीतून उठायला बघत होता. चारच गाणी झाली.

मामा पहाटे विठ्ठलापूरला देवळात जायला निघाला होता. स्क्रीनकडे बघून दारातच थांबला. "कुठलं गाव हे?" म्हटलं, कारखान्यांचं गाव. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. शेवटच्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१च्या तिसऱ्या अल्बमपासून तारा तीन अर्धस्वरांनी उतरवल्या. तारा सैल, बोटांना त्रास कमी, आवाज खोल. पुढे सगळ्या जगाने तेच केलं.

मामा गप्प. मामाने पंधरा वर्षं खाणीचा ट्रक चालवला. २०१२ला खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक विकून पहिली दोन खोकी घेतली. डाव्या हाताचं एक बोट त्याचंही आखूड आहे. त्याने ते एकदा बघितलं, म्हणाला, "मग वाजवला की तो," आणि छत्री उघडून गेला.

दुपारी देवळातून टाळांचा आवाज येत होता. आज अल्बम लावला नाही.

१३ जुलै, रविवार

बेल विच, 'फ्यूचर्स शॅडो पार्ट १ : द क्लॅन्डेस्टाइन गेट' (२०२३). सिएटलचे दोघेच जण. गिटार नाही. सहा तारांची बेस, ड्रम, ऑर्गन आणि आवाज. एकच गाणं, ८३ मिनिटांचं.

एकेचाळिसाव्या मिनिटाला वीज गेली. सगळं गप्प, फक्त पाऊस. तासाभराने आली. नियम म्हणजे नियम, पहिल्यापासून पुन्हा लावलं. दुसऱ्या खेपेला पहिली वीस मिनिटं अजिबात लांब वाटली नाहीत, वाट ओळखीची झाली होती. दोन ठोक्यांच्या मधे इतकी जागा आहे की आधीचा ठोका पूर्ण विझलेला ऐकू येतो. ऐकायचं ते विझणंच आहे. हे कळलं की अल्बम उघडतो, नाही कळलं तर तो फक्त लांब आहे.

यादीत घेतोय, शेवटच्या नंबरावर. स्लीप या बँडचा ६३ मिनिटांचा 'डोपस्मोकर' लोक नवख्याला पहिला देतात, मीही दिला आहे, आणि दोन चांगले ऐकणारे कायमचे घालवले आहेत. पोहायला शिकवताना कोणी वाळवंटीच्या पुरात ढकलत नाही.

२३ जुलै, बुधवार

ऑझी काल गेला. व्हिला पार्कला सतरा दिवस होत होते.

संध्याकाळी गोदाम उघडलं. रविवार नाही, तरी मामा काही बोलला नाही. तो पहिला अल्बम लावला. चौघांनी १९६९च्या ऑक्टोबरमध्ये एका दिवसात रेकॉर्ड केलेला. आत्यालाही कळलं होतं, ती आली आणि खोक्याशेजारी खुर्ची ओढून बसली. तीव्र मध्यम आला तेव्हा तिने मांडीवर हात ठेवला आणि थरथर संपेपर्यंत उचलला नाही.

३ ऑगस्ट, रविवार

परवापासून ट्रॉलर निघाले. बाजारात बांगडा दिसायला लागला.

आज फॅरो बेटांच्या हामफेर्डचा २०२४चा अल्बम. नावाचा अर्थ 'पण देवाचा हात बळकट आहे'. १९१५ साली सांडविक गावची माणसं देवमाशाच्या शिकारीला गेली आणि समुद्राने घेतली, त्याची ही गोष्ट, त्यांच्याच फॅरोई भाषेत. बँडचं नावसुद्धा तिथल्या समजुतीतून आलंय : समुद्रावर गेलेल्या माणसाचं घरच्यांना होणारं दर्शन. एक शब्द कळत नाही. गुरगुर आणि स्वच्छ गळा दोन्ही एकाच माणसाचे आहेत हे मला दोनदा ऐकूनही खरं वाटेना. गोव्यातल्याच बेतुलचा एक मित्र सोबत होता, त्याच्या घरात तीन पिढ्या मासेमारी. त्याला गोष्ट आधी सांगितली नव्हती. तिसऱ्या गाण्याला त्याने विचारलं, "बोट बुडते काय रे यात?"

माझ्या आवडीत हा दुसरा. मेसाच्या मागे एका बोटाने.

आपल्याकडचं एक तरी हवं म्हणून शोधलं. बेंगळुरूच्या बेवार सीचा २०१२चा पहिला अल्बम माझ्या पिढीला दार होता, त्याचं ऋण मोठं आहे. पण यादीत मुंबईच्या डर्जचा 'आह पुच' (२०१८) जातोय, माया लोकांच्या मृत्युदेवाच्या नावाचा. दोन वर्षांनी नियम मोडतो, मोडू दे. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट खोल्यांत सराव करणारी पोरं इतकं सावकाश आणि इतकं ठाम वाजवू शकतात, हे घरी येणाऱ्या पोरांना कळायला हवं. त्यातल्या दोघांकडे गिटार आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

क्रम लावण्यात पूर्ण दिवस गेला. निवड सोपी होती, क्रम अवघड. उत्तमापासून खाली असा क्रम लावला नाही. पहिला कोणता ऐकला तर दुसरा ऐकावासा वाटेल, असा लावला.

पहिला ग्रीन लंगचा 'धिस हीदन लँड' (२०२३). लंडनचे, सुरेल, झटपट पकडणारे, इंग्लंडच्या गावगाड्यातल्या दंतकथांवर गाणारे. त्यांच्यावर मी वेगळी नोंद केली नाही कारण पोटात खोल जाणारा हा अल्बम नव्हे. पण सगळ्यांना आत घेणारा उंबरठा आहे. मग 'अकेरॉन'. मग रेझिनची जोडी. चौथा 'इनेट पॅसेज'. इथपर्यंत कान संथ झालेला असतो, तेव्हा 'द स्पिन'. पाठोपाठ 'माइंड बर्न्स अलाइव्ह', मग हामफेर्ड, आठवा बेल विच. डर्ज नंबरांच्या बाहेर, कागदाच्या वरच्या कोपऱ्यात चौकटीत.

आत्याने कागद वाचला आणि एक भर घालायला सांगितली : ऑमचा 'अद्वैतिक साँग्ज' (२०१२). स्लीपचाच बेसवाला अल सिस्नेरोस, पण इथे तंबोरा, तबला, चेलो, आणि पहिल्याच गाण्यात एका बाईच्या आवाजात महामृत्युंजय. मी मागच्या आठवड्यात सहज लावला होता. मला वाटलं होतं तिला आवडणार नाही, परक्यांच्या तोंडी आपला मंत्र. ती म्हणाली, "उच्चार थोडे इकडेतिकडे आहेत. पण घाई नाही त्यात. आमच्या मंडळातली अर्धी माणसं यापेक्षा घाईत म्हणतात." जुना आहे, पण दार उघडणारा म्हणून नियमात बसतो. लिहिला.

२७ ऑगस्ट, बुधवार. चवथ

पोरं आली. कागद सात जणांना दिले. एकाने लगेच मोबाइल काढला, मी त्याला माथ्याची ओळ बोटाने दाखवली, त्याने ठेवून दिला.

रात्री आमच्याकडे घुमटआरती. चार घुमटं, शामेळ नावाचा ढोल, कांसाळें म्हणजे झांजा. मातीची घुमटं डिचोलीच्या कुंभारांकडची, कातडं बकरीचं; घोरपडीचं बंद होऊन जमाना झाला. दिवसभर पाऊस, कातडी ओलाव्याने सैल पडलेली. धाकटा मावसभाऊ तीन घुमटं बल्बशेजारी शेकत बसला. चौथं शेकायचं राहून गेलं आणि आरती सुरू झाली. ते बाकीच्यांपेक्षा बरंच खाली बोलत होतं. मागच्या तोंडावर हात उघड-बंद करताना त्यातून असा गुंगाट यायचा की फरशीवरून पायात चढायचा. तेच कडवं, तोच ठेका, पुन्हा पुन्हा. आत्याने गाता गाता माझ्याकडे बघितलं.

आरती संपल्यावर मावसभाऊ ते घुमट घेऊन ओशाळून म्हणाला, "हे उतरलं होतं ना? सॉरी." मी त्याला आयोमीच्या बोटांची गोष्ट सांगितली. त्याने घुमट शेकायला न ठेवता तसंच भिंतीला टेकवलं आणि विचारलं, उद्या गोदाम उघडं असेल का.

उद्या मामाची चार गणपतींची कामं आहेत, खोकी पहाटे पाचला बाहेर जातील. परवा एक खोकं परत येतं. तोपर्यंत हेडफोन दिला आहे.